गोलपोस्टातली शिंक

९ जून

एका गोलची खरी किंमत सांगतो, मग हे पत्र वाचायचं की फाडायचं ते तू ठरव. त्या एका गोलपायी अंतिम सामना गेला. भोंग्याची संघातली जागा गेली. घरात कितीतरी दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही. कपाटाचं एक दार बिजागरीसकट हातात आलं, भोंग्याच्या हातात, बसवलं मी. आणि तुला आपण होऊन एक ओळही लिहिणार नाही असं मी गॅरेजातल्या मिस्त्रीसमोर छाती ठोकून म्हणालो होतो, तेही गेलं. सगळं एका शिंकेत.

भोंगा म्हणजे तुझी लेक. गॅरेजमधली माणसं तिला आता याच नावाने हाक मारतात. गोलपोस्टातून ती "डावीकडे बघा गं!" ओरडते ते रस्त्यापलीकडे ऐकू येतं. तेरा वर्षांच्या मुलीला असलं नाव शोभत नाही असं तू म्हणशील. तिला आवडतं, त्याला मी काय करू?

तू तिकडे वाळूच्या मुलखात कारखान्यावर गेल्यापासून फोन तिला करतेस. मी उचलला तर "तिला द्या," एवढंच. ठीक आहे. पण ती तुला काय सांगते ते मला माहीत आहे. माझा कान कसा आहे ते तुला सांगायला नको. गाडी फाटकातून आत येईपर्यंत मी तिचा कुठला नट सैल आहे ते ओळखतो. ती सांगते, "मी मजेत आहे गं, थोडी सर्दी झालीय."

ही थोडी सर्दी नव्हे. मागच्या वर्षी आली तेव्हा मीही सर्दीच म्हणालो होतो. मैदानाकडेच्या गवताला तुरे आले की सुरू होतं ते तुरे झडेपर्यंत. सकाळी डोळे चिकटलेले असतात, कोमट पाण्याने उघडावे लागतात. नाक बंद, तोंडाने श्वास, टाळूला खाज. ती जिभेने टाळू खाजवते, त्याचा टकटक आवाज जेवताना येतो. झोप पुरी होत नाही म्हणून वर्गात डुलक्या. बाईंनी वहीत शेरा मारला, "लक्ष नाही." लक्ष नाही कसं? सगळं लक्ष नाकाकडे आहे.

त्या सामन्यात चेंडू इतका हळू आला की मी चहा पिऊन येऊन अडवला असता. ती वाकली, आणि शिंकली. पुन्हा शिंकली. डोळे उघडले तेव्हा चेंडू जाळ्यात. माझ्या मागे कोणाचा तरी बाप म्हणाला, "गोलकीपर झोपलीय की काय!" मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तुला पोलीस ठाण्यातून पत्र आलं असतं.

नंतर भोंग्याच्या संघाच्या कोचबाईंनी मला बाजूला घेतलं. "काका, पोरीचे हात सोन्याचे आहेत. पण ज्या गोलकीपरला चेंडू दिसत नाही तिला मी कुठे उभी करू? बरी होईपर्यंत बाकावर बसू दे."

मी हातावर हात ठेवून बसलेलो नाही. औषधाच्या दुकानातून सर्दीचं पातळ औषध आणलं, गुण येईना म्हणून मात्रा वाढवली. उशी रोज मागच्या मोकळ्या जागेत कडक उन्हात टाकतो. आणि मैदानावरून आली की तिचे कपडे शेडमध्ये तारेवर टांगून कॉम्प्रेसरने हवा मारतो, एअर फिल्टर साफ करावा तशी. अंगावर नाही, एवढी अक्कल आहे. ती कपड्याचं पलीकडचं टोक धरून उभी असते. इतकं करूनही फरक नाही.

तेव्हा तिला या आजाराच्या मोठ्या डॉक्टरणीकडे नेतोय. परवानगी मागत नाही, कळवतोय. आईला कळलं पाहिजे म्हणून.

बाबा

१७ जून

डॉक्टरणीकडे जाऊन आलो. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण भोंगा ते तुला रंगवून सांगणारच आहे. माझं आधी पोचावं.

बाई वयाने तुझ्याएवढ्या. आवाज शांत, तेल घातलेल्या कुलपासारखा. माझ्याकडे बघितलंही नाही, सगळे प्रश्न पोरीला.

"मैदानावरून घरी आल्यावर काय करतेस?"

"आजोबा हवा मारतात."

"काय मारतात?"

"हवा. कॉम्प्रेसरने. माझ्या कपड्यांवर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कुठे?"

"शेडमध्ये. दार लावून."

"दार का लावतात?"

इथे मी बोललो. "घामाच्या अंगाला वारा लागू नये म्हणून."

बाई माझ्याकडे वळल्या. "काका, हा आजार गवताच्या परागांमुळे होतो. ते डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात. मैदानावर ते वाऱ्याबरोबर निघून तरी जातात. तुम्ही ते कपड्यांवरून उडवले, खोलीत कोंडले, आणि पोरीला मधोमध उभी केलीत."

"आणि उशी?" भोंगा म्हणाली. पोरगी माझ्या बाजूची आहे असा माझा समज होता.

"उशीचं काय?"

"आजोबा रोज गवतावर वाळत घालतात. मग मी त्यावर झोपते."

बाई हसल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने जमा धरतो. भोंगा मात्र हसता हसता शिंकायला लागली आणि खुर्चीवरून खाली आली. त्या दुकानातल्या औषधाची बाटली मी खिशातून काढून दाखवली तशी बाईंनी ती सरळ स्वतःच्या खणात टाकली. त्याने झोप येते म्हणे. म्हणजे तो मागे बसलेला बाप अगदीच चुकीचं बोलत नव्हता. हे मी भोंग्याला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

एक गोष्ट मात्र माझ्या कानाने धरली. मी म्हणालो, "डॉक्टर, धावून आली की हिच्या छातीत शिट्टी वाजते. अगदी बारीक. हवेची नळी चिरली की इंजिन वाजतं तशी." बाईंनी नळी लावून ऐकलं, काही नाही. मी म्हणालो, "बसलेल्या गाडीत नाही वाजायची, पळवून बघा." त्यांनी तिला जिना चढउतार करायला लावलं आणि पुन्हा ऐकलं. मग एका यंत्रात फुंकर मारायला लावली. चेहरा बदलला त्यांचा. "हे सांगितलंत ते फार बरं केलंत. नाकाबरोबर छातीही बघायला हवी, ती आधी." तोंडातून ओढायचा पंप दिलाय. तो रोजचा आहे, चुकवायचा नाही. शिट्टी वाढली, बोलताना धाप लागली तर कोणाची वाट न बघता दवाखाना गाठायचा. मी फाटकाची एक चावी रिक्षावाल्याकडे देऊन ठेवली आहे.

बाकी असं आहे: दिवसातून एक गोळी, झोप न आणणारी. डोळ्यांत थेंब. नाकात स्प्रे, रोज. मैदानावरून आली की कपडे थेट धुवायला, ती थेट आंघोळीला, केसांवरून पाणी. कपडे, उशी, सगळं घरात वाळवायचं. आपल्या पुढच्या खोलीत आता दोऱ्या बांधल्यात, गिऱ्हाईक आलं की मोज्यांखालून वाकून येतं.

कॉम्प्रेसरचं मिस्त्रीला कळलंय. "मालक, पोरीला सर्व्हिसिंगला कधी घेताय?" म्हणतो. त्याला काढूनच टाकणार होतो, पण गिअरबॉक्स त्याच्याइतका कोणाला जमत नाही.

बाबा

२ जुलै

तुझं पत्र मिळालं. पाच ओळी, त्यातली एक माझ्यासाठी: "तुमच्या गॅरेजमध्ये माझ्या मुलीवर आणखी प्रयोग नकोत." वाक्य चांगलं जमलंय. माझ्यावर गेली आहेस.

उरलेल्या चार ओळींचा अर्थ असा की तुझ्या कंपनीने आता वसतिगृहाची शाळा काढली आहे, तिथे गवताचं पातंसुद्धा नाही, तेव्हा पोरीला पाठवून द्या. मी ताबडतोब नाही म्हणणार होतो. मग डॉक्टरणीला विचारलं. त्या म्हणाल्या, गवत नसेल तिथे बरं वाटेलही, पण अशा मुलांना नव्या जागेची नवी धूळ, नवी झाडं छळू शकतात. खात्री कोणी देत नाही. म्हणजे तुझ्याही बाजूचं नाही आणि माझ्याही.

मग भोंग्याला विचारलं. ती हातमोजे शिवत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही, आणि मला पार्सल करताय." मी दाभण तिच्या हातातून घेतलं आणि शिवत बसलो.

आता माझ्याकडून काय झालं ते. तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा बरं. स्प्रेने गुण आला. डोळे उघडले, टाळूची टकटक थांबली, रात्री शांत झोपायला लागली. मी म्हटलं झालं काम, बंद कर. गाडी नीट चालायला लागली की आपण बोनेट लावतो, उगाच उघडून बघत नाही. चार दिवसांत सगळं पुन्हा होतं तिथे आलं. मग घाईघाईने पुन्हा सुरू केलं, आणि मी शिकवलं तसं तिने मारलं: डोकं मागे, नळी सरळ आत, जोरात ओढ. कार्बुरेटर तसाच साफ करतात. नाकातून रक्त आलं. फार नाही, पण पांढऱ्या शर्टावर थोडंही पुष्कळ दिसतं.

पुन्हा गेलो. बाईंनी रिकामी बाटली माझ्या हातात दिली. "काका, दाखवा कसं मारता." दाखवलं. "आता तुमचं सगळं औषध घशात गेलं. आणि नाकाच्या मधल्या पडद्यावर मार बसला." मग त्यांनी शिकवलं. मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीला डावा हात, डावीला उजवा, म्हणजे नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळतं. ओढायचं नाही, साधा श्वास. आणि बरं वाटलं म्हणून थांबवायचं नाही. "हे दुरुस्तीचं काम नाही," बाई म्हणाल्या, "हे रोजचं तेलपाणी आहे." ही भाषा मला आधी वापरली असती तर शर्ट वाचला असता.

आता आम्ही दोघं सकाळी आरशासमोर उभे राहतो. ती औषधाची बाटली घेऊन, मी रिकामी. ती म्हणते, "आजोबा, हात चुकला." बहुतेक वेळा चुकलेला असतो.

एक लिहू की नको असं चाललंय. लिहितो. रविवारी तुझा फोन झाल्यावर ती न्हाणीघरात गेली. दाराआडून नाक ओढल्याचा आवाज आला. मी स्प्रे घेऊन धावलो, दार वाजवलं, म्हटलं सकाळचा राहिला का? आतून म्हणाली, "आजोबा, हे ते नाही."

मी परत येऊन बसलो. एवढंच.

जिन्यात तू निघालीस तेव्हा सगळ्यांदेखत मी जे बोललो, की मशीन सांभाळणं सोपं, पोर सांभाळणं कठीण म्हणून ही चालली, ते पोरीने ऐकलं होतं. मला आत्ता कळलं. सांभाळणं कठीण आहे हे खरं. बाकीचं वाक्य मला बोलता आलं नसतं तर बरं झालं असतं.

बाबा

२४ सप्टेंबर

गवताचे तुरे झडले, पोर बरी आहे. पण या वेळी मी बोनेट लावलेलं नाही.

डॉक्टरणीने तिच्या हातावर थेंबांची रांग मांडली, प्रत्येकातून सुईचं हलकं टोक टोचलं. धुळीचा थेंब गप्प. मांजराचा गप्प. झाडांचा जरासा लाल. गवताचा थेंब मात्र बघता बघता गांधील माशी चावल्यासारखा फुगला. भोंगा अभिमानाने हात सगळ्यांना दाखवत फिरत होती, मेडल मिळाल्यासारखी.

बाई म्हणतात एक उपाय आहे. गवताच्याच परागांची गोळी, रोज एक, जिभेखाली. थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायची. हंगामाच्या काही महिने आधी सुरू करायची आणि तीन वर्षं चालवायची. छातीची शिट्टी ताब्यात असली तरच. ती आता आहे, फुंकर मारायच्या यंत्रावर दर महिन्याला बघतात. पहिली गोळी दवाखान्यात, नंतर अर्धा तास तिथेच बसायचं, अंगावर काही उठतंय का ते बघायला. तोंडाला खाज सुटते, तिची तयारी ठेवायची. आणि हे मी देऊ शकत नाही. आईची सही लागते.

आता नीट वाच. मी धंदा उभा केला तो गिऱ्हाइकाला अर्धं सांगून नाही. ही गोळी तुझ्या तिकडेही मिळते. मी बाईंना मुद्दाम विचारलं. म्हणजे "उपचारासाठी तिला माझ्याकडेच ठेव" असं मला म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर म्हणालो असतो, हेही लिहून ठेवतो. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सही पोरीच्या नाकासाठी आहे, ती कर. पोरीने राहायचं कुठे, ते तिला विचार. मला नको आणि स्वतःलाही नको. कोचबाई म्हणाल्यात, पुढच्या हंगामात डोळे कोरडे असतील तर गोलपोस्ट तिचं. तिच्या मनात दुसरं काही नाही. पण तू विचारलंस तर तुझं नाव निघेल, मला माहीत आहे.

काळजी करू नकोस. तू सही कर, मी शब्द देतो: पुढच्या हंगामात या घरात शिंक ऐकू येणार नाही. एकही. माझ्या हाताखालून गेलेली गाडी त्याच कामासाठी परत आलेली नाही, आणि ही तर नात आहे.

बाबा

१६ जानेवारी

तू सही परस्पर बाईंना पाठवलीस, आणि त्यांना फोन करून इतके प्रश्न विचारलेस की त्या मला म्हणाल्या, "काका, मुलगी तुमचीच ना?" मी म्हटलं, "दुसऱ्या कोणाची असणार!"

काल पहिली गोळी दिली. तू फोनच्या पडद्यावर होतीस, पण तुला दिसलं ते फक्त तिचं नाक आणि छत. बाकीचं मी सांगतो. गोळी जिभेखाली ठेवल्यावर ती डोळे मिटून बसली. बोलायचं नाही, गिळायचं नाही. भोंगा आणि बोलायचं नाही! मग म्हणाली, "ओठाला मुंग्या येतायत." मी नर्सकडे बघितलं, नर्स घड्याळाकडे, बाई पोरीच्या ओठांकडे. "एवढं चालतं," म्हणाल्या. मी तिच्या श्वासाला कान लावून बसलो. शिट्टी नाही. तिचा श्वास चालू होता तो ऐकू येत होता, आणि फोनमधून तुझाही.

अर्धा तास संपला, भोंगा उठून उड्या मारायला लागली, फोन माझ्या हातात दिला. तू म्हणालीस, "बाबा, जेवलात का?"

मी जेवलो म्हणालो. जेवलो नव्हतो.

गोळी रोज रात्री दात घासल्यावर द्यायची. चुकवणार नाही. मी कुठे गेलो तर मिस्त्रीची बायको येऊन देणार. तिला पंधरा वेळा समजावलंय, ती म्हणते सोळाव्यांदा समजावलंत तर येणार नाही.

बाबा

३० मे

गवताला तुरे आलेत. स्प्रे तुरे यायच्या आधीच सुरू केला, बाईंच्या सांगण्याप्रमाणे. पंप चालू आहे, गोळी चालू आहे. नाकपुड्यांच्या कडेला मलम, डोळ्यांना खेळायचा गच्च बसणारा चष्मा. गोलपोस्टात उभी राहिली की पाणबुडीतून बाहेर आल्यासारखी दिसते. समोरच्या संघातल्या पोरी हसल्या. पहिल्या दोन किका तिने अडवल्यावर कोणी हसलं नाही.

तू विचारलंस ना, "खरं सांगा, कशी आहे?" खरं सांगतो. काल कोचबाईंनी तिला पूर्ण सामना खेळवली. पुरा वेळ ती ओरडत होती आणि मी ऐकत होतो. शब्द न शब्द स्पष्ट, नाकातून एकही नाही. एक गोल खाल्ला. डाव्या कोपऱ्यात, उंच, तुझ्या बापालाही अडवता आला नसता. ती आडवी उडाली, चेंडू बोटांना लागून गेला. उठली, चेंडू जाळ्यातून काढला, मधे फेकला आणि मैत्रिणींवर ओरडायला लागली. बरोबरीत सुटला सामना. घरी येताना म्हणाली, "आजोबा, मला चेंडू शेवटपर्यंत दिसत होता." हरल्याजिंकल्याचं एक अक्षर नाही.

तुझं-तिचं काय ठरलं ते तिने मला सांगितलं. तीन वर्षं इथे, शाळेच्या मोठ्या सुट्टीत तुझ्याकडे, आणि तुला रजा मिळेल तेव्हा तू इकडे. मला विचारलं नाहीत, हे बरं केलंत. येशील तेव्हा पुढच्या खोलीत जरा वाकून ये, दोऱ्या अजून आहेत.

बाई म्हणतात त्रास निम्म्याहून कमी झाला आहे, पुढच्या वर्षी आणखी होईल, पार जाईलच असं नाही. मी एकही शिंक ऐकू येणार नाही असा शब्द दिला होता, म्हणून कळवतो: आज सकाळी मैदानावर निघताना तिला ओळीने तीन शिंका आल्या.

बाबा